पाण्याखालचा मासा स्क्रीनवर दिसतो कसा, आणि त्यावरून अमेरिकेत वाद का पेटलाय?

इन्स्टाग्रामवर फिशिंगचे रील्स बघत असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. पूर्वी गळ टाकून बसलेला माणूस पाण्याकडे बघायचा. आता तो बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून दोन-तीन मोठ्या स्क्रीनकडे बघत असतो. स्क्रीनवर एक ठिपका हलतो, वरून दुसरा बारीक ठिपका खाली येतो, पहिला त्याच्या मागे लागतो आणि पुढच्या क्षणी रॉड वाकतो. खाली कमेंट्समध्ये ठरलेलं भांडण: हे फिशिंग आहे की व्हिडिओ गेम?

हे भांडण आता कमेंट्सपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेत हौशी आणि व्यावसायिक गळ-मासेमारीच्या मोठ्या स्पर्धांना यावर नियम करावे लागलेत. वाद समजून घ्यायचा तर आधी ती स्क्रीन नेमकं काय दाखवते, ते बघावं लागेल. कारण बहुतेकांचा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

कॅमेरा नाही, कान

फिश फाइंडरमध्ये कॅमेरा नसतो. बोटीच्या तळाला किंवा मागच्या बाजूला एक ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो. तो पाण्यात आवाजाची लहर सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या कितीतरी वरच्या पट्टीतला हा आवाज असतो. साध्या मशीनमध्ये ५० आणि २०० किलोहर्ट्झ या दोन फ्रिक्वेन्सी नेहमीच्या.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो. समजा, आवाज सोडल्यापासून ०.०४ सेकंदांनी प्रतिध्वनी आला. तेवढ्या वेळात आवाज ६० मीटर फिरला, म्हणजे ३० मीटर खाली गेला आणि ३० मीटर वर आला. खोली ३० मीटर. एवढंच गणित, पण मशीन ते सेकंदाला अनेकदा करतं आणि प्रत्येक उत्तराची एक उभी रेघ स्क्रीनच्या उजव्या कडेला काढतं. नवी रेघ आली की जुन्या डावीकडे सरकतात.

म्हणजे स्क्रीनवर 'आत्ता' फक्त उजव्या कडेला असतं. बाकी सगळं होऊन गेलेलं. डाव्या बाजूला दिसणारा मासा बोटीच्या डावीकडे आहे असं समजून तिकडे गळ टाकणारे नवशिके कमी नाहीत. तो मासा डावीकडे नसतो, तो अर्ध्या मिनिटापूर्वी बोटीखाली होता.

माशाची खूण कमानीसारखी का दिसते, याचं कारणही इथेच आहे. आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन २० अंशांचा असेल तर ३० मीटर खोलीवर त्याचा घेर साडेदहा मीटर रुंद होतो. बोट पुढे जाते तसा मासा शंकूच्या कडेवर येतो, तेव्हा तो बोटीपासून थोडा लांब असतो. मध्ये आला की अंतर कमी होतं, दुसऱ्या कडेला गेला की परत वाढतं. लांब, जवळ, लांब: झाली कमान. बोट आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमान होत नाही, सरळ आडवी रेघ येते. आणि मोठी कमान म्हणजे मोठा मासा, हेही खरं नाही. छोटा मासा शंकूत जास्त वेळ थांबला तरी कमान लांबलचक येते. आकाराचा अंदाज घ्यायचा तर रेघेची जाडी आणि रंगाची तीव्रता बघतात. काही मशीन प्रतिध्वनीच्या जागी माशाचं छोटंसं चित्रच दाखवतात. ते बघायला गोड वाटतं, पण पाण्यातली बुडलेली फांदी किंवा हवेचे बुडबुडेही त्यात 'मासा' होऊन येतात. अनुभवी लोक ते फीचर आधी बंद करतात.

आवाज आपटतो कशावर?

माशाचं मांस हे जवळपास पाण्यासारखंच असतं, त्यामुळे त्यावरून आवाज फारसा परत येत नाही. जोरात परत येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. शास्त्रीय मराठीत तिला वाताशय म्हणतात. मासा पाण्यात वर-खाली तरंगतो तो तिच्याच जोरावर.

ही पिशवी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराला जाळ्यात १५७ घोळ मिळाले आणि लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ही बातमी तेव्हा व्हायरल झाली होती. घोळ माशाला एवढा भाव येतो तो मुख्यतः त्याच्या या पिशवीमुळे, म्हणजे बोतामुळे. परदेशात त्याला प्रचंड मागणी आहे.

उलट सुरमईच्या पोटात ही पिशवी नसतेच. मुशी, म्हणजे शार्कच्या जातीतही नसते. त्यामुळे सुरमई फिश फाइंडरवर तिच्या आकाराच्या मानाने फिकी दिसते. स्क्रीन रिकामी दिसते म्हणून खाली सुरमई नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. तिच्या मागावर असलेले लोक म्हणून बऱ्याचदा तिला शोधतच नाहीत. ते तिचं खाद्य असलेल्या छोट्या माशांचा थवा शोधतात. स्क्रीनवर तो ढगासारखा दिसतो.

पाणबुडीच्या मागून माशाच्या मागे

आवाजाने पाण्याखालचं शोधण्याचं तंत्र वाढलं ते पाणबुड्यांच्या भीतीने, दोन महायुद्धांच्या काळात. दुसरं महायुद्ध संपल्यावर जपानच्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी खोली मोजणारी युद्धकाळातली यंत्रं घेतली आणि त्यांवर मासे दिसतात का, याचे प्रयोग सुरू केले. १९४८ मध्ये त्यांनी मच्छीमारांना प्रत्यक्ष वापरता येईल असं फिश फाइंडर आणलं. मच्छीमारांनी आधी विश्वासच ठेवला नाही. कुणाच्या आजोबांनी पेटी बघून जाळं टाकलं होतं? पण पेटी असलेल्या बोटी भरून यायला लागल्या आणि प्रश्न मिटला.

हौशी लोकांच्या हातात ही पेटी आली ती अमेरिकेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स कंपनीने छोट्या बोटीवर नेता येईल असं हिरव्या रंगाचं मशीन काढलं. 'लिटल ग्रीन बॉक्स' हे त्याचं टोपणनाव. तेव्हाही जुन्या लोकांनी नाक मुरडलंच होतं.

मग जीपीएस आलं. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि जिथे आधी शंभर मीटरपर्यंतचा फरक पडायचा तिथे तो दहा-वीस मीटरवर आला. समुद्रात ही फार मोठी गोष्ट आहे. खडकाळ तळाची नेमकी जागा परत सापडावी म्हणून किनाऱ्यावरचे मच्छीमार डोंगराचं टोक, देवळाचा कळस, दीपगृह अशा खुणांच्या रेषा जुळवायचे. ही माहिती घरात एका पिढीकडून दुसरीकडे जायची आणि बाहेर कुणाला सांगितली जायची नाही. आता ती जागा एक बटण दाबून सेव्ह होते. गुपित तेवढंच राहिलं, जागा मात्र डोक्यातून मशीनमध्ये गेली.

मग २०१८ मध्ये काय बिघडलं?

वरची सगळी मशीन एक तर बोटीखालचं दाखवायची किंवा मागे राहिलेलं. २०१८ मध्ये गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं. हा सोनार पुढच्या दिशेने रोखता येतो, आणि रेघांचा इतिहास दाखवण्याऐवजी जवळपास त्याच क्षणाचं हलतं चित्र देतो. मासा कुठे वळला, गळाच्या किती जवळ आला, आमिष बघून मागे फिरला का, सगळं डोळ्यांसमोर. याची रेंज ६० मीटरच्या आसपास सांगितली जाते. लॉरन्स आणि हमिनबर्ड यांनीही मग आपापले लाइव्ह सोनार काढले. इंग्रजीत या प्रकाराला फॉरवर्ड फेसिंग सोनार म्हणतात.

फरक किती मोठा? आधी मच्छीमार 'इथे मासे असतील' असा अंदाज करून गळ टाकायचा. आता तो एक मासा निवडतो आणि त्याच्या नाकासमोर आमिष टाकतो. नाही खाल्लं तर आमिष बदलून परत त्याच माशाला.

अमेरिकेत ब्लॅक बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या स्पर्धा हा मोठा धंदा आहे. 'बासमास्टर क्लासिक' १९७१ पासून चालू आहे. २०२३ मध्ये तिच्या विजेत्याला ३ लाख डॉलर मिळाले. एवढे पैसे असले की माणसं काय काय करतात, हे २०२२ मध्ये ओहायोतल्या एका स्पर्धेत दिसलं होतं. विजेत्यांच्या माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि दोघांना तुरुंगाची हवा खावी लागली. लाइव्ह सोनार म्हणजे फसवणूक नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते नियमात बसणारं यंत्र होतं. खरा पेच त्यामुळेच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या लेक फोर्कवर १९ वर्षांच्या ट्रे मॅकिनीने बासमास्टर एलिट मालिकेतली स्पर्धा जिंकली. चार दिवसांत मोजलेल्या माशांचं वजन १३० पौंड १५ औंस, म्हणजे ५९ किलोंहून जास्त. या मालिकेतला तो सर्वात तरुण विजेता. वीस-तीस वर्षं तलावांवर घालवलेले लोक मागे पडले. त्यांचं म्हणणं असं: वारा, पाण्याचा रंग, ऋतू, तळाचा उतार वाचून मासा कुठे असेल हे ओळखणं हाच तर खेळ होता. तरुणांचं उत्तर असं की मासा दिसला म्हणजे तो लागला असं होत नाही. यात तथ्य आहे. स्क्रीनवर वीस मासे दिसूनही रिकाम्या हाताने परतणारे रोज आहेत. पण पैशांचा मुद्दा तरुणांनाही खोडता येत नाही. पूर्ण सेटअपला हजारो डॉलर लागतात, आणि ज्याच्याकडे नाही तो स्पर्धेत उतरण्याआधीच मागे असतो.

२०२५ च्या हंगामासाठी तीन मोठ्या संघटनांनी तीन वेगळी उत्तरं शोधली. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगने लाइव्ह सोनारवर सरळ बंदी घातली. मेजर लीग फिशिंगने आपल्या मुख्य मालिकेत दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात तो वापरायला परवानगी दिली. बासमास्टरवाल्या संघटनेने एलिट मालिकेत असा एकच ट्रान्सड्यूसर आणि सगळ्या स्क्रीन मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. मधला पर्याय प्रेक्षक म्हणून सर्वात मजेशीर, कारण एकाच माणसाची स्क्रीनसकट आणि स्क्रीनविना कामगिरी एकाच दिवशी समोर येते.

माशांचं काय, हा प्रश्न या गोंधळात मागे पडतो. या स्पर्धांत मासे मोजून परत सोडतात. पण लाइव्ह सोनारमुळे लोक आता खोल, उघड्या पाण्यातल्या अशा माशांपर्यंत पोचतात ज्यांना आधी कुणी शोधत नव्हतं. खोलातून झपकन वर ओढलेल्या माशाची तीच हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते. सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही आणि बऱ्याचदा जगत नाही. सोडून दिला म्हणजे वाचला, असं खोल पाण्यात धरून चालत नाही.

आपल्याकडे हा वाद आहे का?

याच रूपात नाही. कोकणात खडकावर किंवा खाडीत गरवायला बसणाऱ्याकडे बहुतेकदा फक्त रॉड किंवा दोरी असते. पण यंत्राने मासे शोधण्याची मर्यादा कुठे, हा प्रश्न इथे पोटापाण्याच्या मासेमारीत आधीच आलेला आहे. जनरेटरवर प्रखर एलईडी दिवे लावून मासे एका जागी गोळा करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि एलईडीवाले यांच्यातला संघर्ष संपलेला नाही. अमेरिकेत हरणाऱ्याचं बक्षीस जातं, इथे घरचं उत्पन्न जातं.

दुसरीकडे सरकारी यंत्रणा स्वतःही मासे शोधायला मदत करते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे मिळण्याची शक्यता असलेले पट्टे मच्छीमारांना कळवते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात अर्थातच याचा उपयोग नाही.

बोटीवर जाणार असाल तर

किनाऱ्यापासून काही किलोमीटर गेलं की मोबाइलची रेंज जाते. त्यामुळे फिश फाइंडरआधी बघायची गोष्ट म्हणजे बोटीवर व्हीएचएफ वायरलेस आहे का आणि तो चालू आहे का. संकटाच्या हाकेसाठी जगभर चॅनल १६ वापरतात. त्यावर मदत मागताना पहिली गोष्ट सांगायची ती आपली जागा, म्हणून जीपीएसवर अक्षांश-रेखांश कुठे दिसतात हे तांडेलाशिवाय आणखी एकाला तरी माहीत हवं. बऱ्याच चार्टप्लॉटरवर 'एमओबी' असं बटण असतं. कुणी पाण्यात पडलं की ते दाबायचं, ती जागा नोंदली जाते. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

परदेशातून सामान आणणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची. अमेरिकेत गळ टाकायला जाणारे सर्रास सॅटेलाइट मेसेंजर बाळगतात. भारतात सॅटेलाइट फोन आणि अशी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. २६/११ च्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली होती आणि तिच्यावर सॅटेलाइट फोन सापडला होता, तेव्हापासून या बाबतीत आणखी कडकपणा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेला गार्मिन इनरीच जवळ असल्यामुळे ताब्यात घेण्यात आलं होतं. साध्या फिश फाइंडर किंवा जीपीएस चार्टप्लॉटरचं तसं नाही, ही यंत्रं इथल्या मासेमारी बोटींवर वर्षानुवर्षं वापरात आहेत.