लघवी किती झाली?

धारवाडहून येताना उणकल मागे पडलं की हुबळीच्या विद्यानगरात ‘किम्स’ म्हणून ओळखलं जाणारं रुग्णालय लागतं. उत्तर कर्नाटकातून येणारे कित्येक अत्यवस्थ रुग्ण इथेच उतरतात. कुणाला साप चावलेला असतो, कुणी जुलाबांनी सुकलेला, तर कुणाला नुसता ‘अशक्तपणा’ असतो. किडनीचं नाव सहसा कुणी काढत नाही.

किडनीच्या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनी आधी हेच ध्यानात घ्यावं. मूतखडा सोडला, तर हा अवयव बोंब मारत नाही. क्रिएटिनिनही सावकाश चढतं. किडनीचं काम निम्म्यावर आलं, तरी पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. लघवी अनेकदा त्याच्या आधी सांगते. सलग 6 तास, ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी, हा किडनीला अचानक झालेली इजा ओळखण्याच्या 2012च्या आंतरराष्ट्रीय ‘केडीआयजीओ’ निकषांतला एक निकष आहे. साठ किलोच्या माणसाला 6 तासांत 180 मिलिलिटरही झाली नाही, तर थांबून विचार करायचा. माझ्या मते तासातासाला हे माप लिहिणारी परिचारिका कॅज्युअल्टीतली निम्मी नेफ्रॉलॉजिस्ट असते.

घोणसीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती संपते आणि किडनीही निकामी होऊ शकते. तपासणी साधीच : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त, 20 मिनिटं न हलवता. गोठलं नाही, की प्रतिविषाला उशीर नको. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ते बरंच झालं.

डायलिसिस चुकवलेला रुग्ण मात्र वेगळीच घाई करायला लावतो. उन्हाळ्यात शहाळं प्यालेला, पाय गळालेले, ईसीजीवर टोकदार टी-लहरी. पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट पाहू नये. कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला आवर घालतं, पण पोटॅशियम कणभरही उतरवत नाही. इन्सुलिन-ग्लुकोज ते पेशींत ढकलतं, तेही काही तासांपुरतं. बाहेर काढायला शेवटी डायलिसिसच लागतं.

कधी घात औषधातूनच होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात किडनी निकामी करणारं डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं. म्हणून नातेवाइकांना घरची औषधांची पिशवीच आणायला सांगावी : गुडघेदुखीच्या गोळ्या, भस्मं, काढे, सगळ्यासकट.