एक परकें वाटणारें नांव

गोर्नी क्रामेर हें नांव वाचून हा कोणी जर्मन किंवा अमेरिकन गृहस्थ असावा, असा वाचकांचा ग्रह होईल. वस्तुतः 'गोर्नी' हें त्याचें आडनांव, आणि तें इटालियन. 'क्रामेर' हें बापानें हौसेनें ठेवलेलें नांव. बाप मांतोवाजवळील रिवारोलो गांवचा वादक. अकॉर्डियनचे पहिले धडे मुलानें त्याच्यापाशींच घेतले. (अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची, गळ्यांत अडकवून वाजवावयाची बहीण.) फ्रँक क्रेमर या अमेरिकन सायकलपटूवर या बापाची मोठी भक्ति. क्रेमर १९१२ सालीं जगज्जेता झाला, आणि १९१३ च्या जुलैंत जन्मलेल्या मुलास त्याचें नांव मिळालें.

पुढें पार्मा येथील संगीतविद्यालयांत डबल बास या पुरुषभर उंचीच्या तंतुवाद्याचा अभ्यास करून क्रामेरनें १९३० सालीं पदविका मिळविली. जाझच्या ताफ्यांत या वाद्याकडे श्रोत्याचें सहसा लक्ष जात नाहीं. पण बोटांनीं छेडलेल्या त्याच्या ठेक्यावरच बाकी सारे उभे असतात. या वीस वर्षांच्या पोरानें १९३३ मध्यें स्वतःचा ताफा उभारला, तो जाझचाच.

काळ मात्र प्रतिकूल होता. जाझ हें परक्यांचें, त्यांतहि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें संगीत. मुसोलिनीच्या राजवटीस तें खपण्याजोगें नव्हतें. तरी तिची बंदी सरसकट नव्हती. कधीं कडक, कधीं ढिली. क्रामेरचा सहकारी गायक नातालीनो ओत्तो यानें अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर वाजवून ही विद्या कमावली होती. त्याला नभोवाणीनें दार बंद केलें. १९४० सालीं तर दुकानांच्या पाट्यांवरील परकीय शब्दांवरहि कायद्यानें गदा आली.

अधिकाऱ्यांची नजर अशी नांवांवर आणि शब्दांवर. क्रामेरनें लय तीच ठेवली आणि तिला घरचे शब्द लाविले. त्याचें १९३६ चें 'क्रापा पेलादा' हें गाणें मिलानच्या बोलींत असून एका जुन्या बडबडगीतावर बेतलेलें आहे. नांवाचा अर्थ 'टकलें डोकें'! सर्वाधिकाऱ्याचें टक्कल जगजाहीर असतां श्रोत्यांच्या मनांत काय आलें असेल, हें सांगावयास नको. १९४० च्या 'पिप्पो नोन लो सा' मधील पिप्पो ऐटींत चालतो, आणि सारें शहर आपणांस हंसतें हें एकट्या त्यालाच ठाऊक नसतें. तें गाणें गाजविलें लेस्कानो भगिनींनीं. या तिघी हॉलंडच्या, आई ज्यू. आणि ज्यूविरोधी कायदे १९३८ पासून जारी होते.

एवढ्यावरून क्रामेरला बंडखोर वीर ठरविण्याची घाई मला मान्य नाहीं. तो वाद्यावर पोट भरणारा कलावंत होता. जें वाजविल्यावांचून चैन पडत नसे तें त्यानें वाजविलें.

युद्धानंतर आडकाठी सरली. १९४९ पासून सुमारें दहा वर्षें त्यानें गारिनेई व जोव्हान्नीनी या जोडीच्या संगीत-प्रहसनांस चाली दिल्या. १९५७ सालीं सुरू झालेल्या 'इल मुसिकिएरे' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानें तो घरोघर पोंचला. जाझच्या कडव्या अभिमान्यांना ही घसरण वाटेल, मला तसें वाटत नाहीं. १९९५ च्या ऑक्टोबरांत मिलान येथें तो वारला. बासची पदविका घेतलेला हा माणूस इटालियनांना आठवतो तो मात्र गळ्यांत अकॉर्डियन अडकविलेला.