जंतूंची वंशावळ

राजघराण्याची वंशावळ लावावयाची तर सनदा, शिलालेख आणि ताम्रपट हाताशीं असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वंशावळ कशावरून लावावी? त्यांना हाडें नाहींत. आकार पाहावा तर गोल, दांड्यासारखा किंवा मळसूत्री, एवढेच मुख्य प्रकार. १९६०च्या सुमारास कांहीं नामांकित शास्त्रज्ञांनींही ही आशा सोडून दिली होती.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वोझ यांनीं हा ताम्रपट जंतूंच्या पोटांतच शोधला. प्रत्येक पेशींत प्रथिनें तयार करणारे रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कारखाने असतात. जंतूंच्या रायबोसोमच्या लहान भागांत आर. एन. ए.चा १६ एस नांवाचा एक धागा असतो. कोलाय जंतूंत त्याचीं अक्षरें १,५४२ भरतात. वर्णमाला मात्र चारच अक्षरांची. ए समोर यू, जी समोर सी अशा जोड्या जुळून हा धागा जागोजाग दुमडतो. नवल असें कीं, दुसऱ्या जंतूंत जोडीचें एक अक्षर बदललेलें असेल, तर समोरचेंही बहुधा बदललेलें आढळतें. अक्षरें बदलतात, घडी मोडत नाहीं. कारण घडी मोडली तर कारखाना अडतो आणि वंश खुंटतो.

असे धागे ताडून पाहतां १९७७ सालीं वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनीं जाहीर केलें कीं, मिथेन वायु निर्माण करणारे कांहीं जीव बॅक्टेरियांचे सगोत्र नव्हतच. तें एक निराळेंच कुल आहे. त्यालाच पुढें आर्किया हें नांव मिळालें. पुष्कळ पंडितांनीं कित्येक वर्षें हें म्हणणें मानलें नाहीं.

१९८० सालीं वोझ, हॅरी नोलर आणि त्यांचे सहकारी यांनीं मुख्यतः अशाच तुलनेवरून संपूर्ण धाग्याच्या घड्यांचा नकाशा मांडला. त्याची खरी कसोटी २००० सालीं लागली. वडोद्याच्या विद्यापीठांत शिकलेले व्यंकटरामन् रामकृष्णन् आणि इस्रायलच्या आदा योनाथ यांच्या गटांनीं क्ष-किरणांनीं या भागाची रचना उलगडली. ताडून पाहतां, तुलनेनें वर्तविलेल्या जोड्यांपैकीं शेंकडा सुमारें ९७ खऱ्या ठरल्या. २००९ सालीं या दोघांना टॉमस स्टाइट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रयोगशाळेंत न वाढणारा जंतुही आज याच धाग्यावरून ओळखतां येतो. धाग्याचे न बदलणारे भाग तो हातीं लागूं देतात, आणि बदलणारे भाग त्याचें कुल सांगतात.