शिरेत सोडलेलं औषध जातं कुठं?

सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून 'डाय' देतात, तेव्हा गटातल्या बायका एकच विचारतात, हे अंगात राहणार तर नाही ना? आम्ही त्यांना हसत नाही. एकेकाळी ते खरंच राहायचं.

१९३० च्या सुमारास जर्मनीत थोरोट्रास्ट नावाचं औषध निघालं, थोरियम धातूपासून केलेलं. पोर्तुगालचे डॉक्टर एगास मोनिझ मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला ते वापरू लागले. फोटो स्वच्छ, टोचताना त्रास नाही. डॉक्टर खूश, पेशंटही खूश. पण थोरियम किरणोत्सर्गी. ते लघवीवाटे बाहेर पडेना, यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडून बसलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९३२ मध्येच सावध केलं होतं, तरी वापर १९५० च्या दशकापर्यंत चाललाच. वीस-तीस वर्षांनी यकृताचे कॅन्सर दिसू लागले. लगेच त्रास नाही म्हणजे औषध निर्धोक, असं धरलं, तिथंच चुकलं.

आज सीटीसाठी आयोडीनचं औषध देतात. मूत्रपिंड धड असेल तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीतून जातं. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. तो खर्च उगाच नसतो. मूत्रपिंडाचा आजार, मागे अशा इंजेक्शननं झालेला त्रास, शुगरची मेटफॉर्मिन गोळी, दिवस गेले असतील तर तेही, कुणी विचारायची वाट न बघता सांगा. सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी! टोचताना अंगभर ऊब वाटते, ती नेहमीची. दम लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर तिथल्या तिथं हाक मारा.