जागतिक वीस वर्षांखालील ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा

वयाची वीस वर्षे पूर्ण न केलेल्या मुलामुलींसाठी साधारणपणे दर दोन वर्षांनी भरणारी मैदानी खेळांची सर्वोच्च जागतिक स्पर्धा. धावणे, चालणे, उड्या आणि फेकी या चारही अंगांचे प्रकार तीत असतात. जागतिक ॲथलेटिक्स महासंघ ही स्पर्धा भरवतो. पहिली स्पर्धा १९८६ मध्ये ग्रीसची राजधानी अथेन्स येथे झाली आणि २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे विसावी पार पडली. शंभराहून अधिक देशांचे हजारावर खेळाडू तीत उतरतात. भारतीयांना ही स्पर्धा विशेषतः नीरज चोप्रा (२०१६) आणि हिमा दास (२०१८) यांच्या सुवर्णपदकांमुळे परिचित झाली.

उगम आणि नामांतर : ॲथलेटिक्सची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८३ मध्ये हेलसिंकी येथे सुरू झाली. तोपर्यंत ऑलिंपिक हेच या खेळाचे सर्वोच्च व्यासपीठ होते. युरोपात कनिष्ठ खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा १९७० पासून भरत होती. मात्र आशिया, आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेतील तरुणांना एकमेकांशी झुंजता येईल असे मैदान नव्हते. प्रीमो नेबियोलो आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष असताना ही उणीव भरून निघाली. सुरुवातीला स्पर्धेचे नाव ‘जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद’ असे होते. २०१६ पासून ‘कनिष्ठ’ ऐवजी ‘वीस वर्षांखालील’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याहून लहान गटासाठी १९९९ मध्ये सुरू झालेली जागतिक युवा अजिंक्यपद स्पर्धा २०१७ च्या नैरोबीतील स्पर्धेनंतर बंद करण्यात आली. त्यामुळे उमलत्या खेळाडूंची जागतिक कसोटी म्हणून या स्पर्धेचे महत्त्व आणखी वाढले.

यजमान शहरे : अथेन्सनंतर सडबरी (१९८८), प्लॉवदिव (१९९०), सोल (१९९२), लिस्बन (१९९४), सिडनी (१९९६), आन्सी (१९९८), सांतियागो (२०००), किंग्स्टन (२००२), ग्रोसेतो (२००४), बीजिंग (२००६), बिदगोश्च (२००८), मॉन्क्टन (२०१०), बार्सिलोना (२०१२), युजीन (२०१४), पुन्हा बिदगोश्च (२०१६), टाम्पेरे (२०१८), नैरोबी (२०२१), काली (२०२२) आणि लिमा (२०२४) या शहरांनी यजमानपद भूषवले. २०२६ ची स्पर्धा पुन्हा युजीनकडे सोपवण्यात आली. ऑलिंपिकचा डोलारा पेलू न शकणाऱ्या मध्यम शहरांना ही स्पर्धा भरवता येते, हे सडबरी, आन्सी, ग्रोसेतो, मॉन्क्टन यांच्या नावांवरून दिसते. २०१६ ची स्पर्धा मुळात रशियातील कझान येथे व्हायची होती. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात रशियाचा संघ निलंबित झाल्यावर ती पोलंडमधील बिदगोश्चला हलवण्यात आली. नैरोबीची स्पर्धा कोविडच्या साथीमुळे एक वर्ष पुढे गेली आणि अमेरिकेने तेथे संघ पाठवला नाही. आफ्रिका खंडात भरलेली ही या मालिकेतील पहिली स्पर्धा होय.

वय आणि प्रवेश : स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबर या दिवशी खेळाडूचे वय १६ ते १९ वर्षे असावे लागते. प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी १५ वर्षांचा असलेला मुलगा त्यामुळे पात्र ठरू शकतो. युसेन बोल्ट असाच पात्र ठरला. एका क्रीडाप्रकारात एका देशाचे दोनच खेळाडू उतरू शकतात. कमी अंतराच्या शर्यतींत अमेरिका आणि जमैका, लांब अंतराच्या शर्यतींत केनिया आणि इथिओपिया यांचा दबदबा आहे. दोघांच्या मर्यादेमुळे इतर देशांना अंतिम फेरीची दारे खुली राहतात.

या वयात एकेका वर्षाचा फरक मोठा असतो. १६ वर्षांच्या मुलाच्या खांद्यात आणि मांडीत जे बळ नसते ते १९ व्या वर्षी आलेले असते. म्हणून वयाचा दाखला हा या गटाचा पाया आहे. खोट्या जन्मतारखेने मिळवलेले पदक एका प्रामाणिक मुलाची किंवा मुलीची जागा हिरावून घेते. भारतात वय चोरण्याचा प्रकार हा कनिष्ठ ॲथलेटिक्सला जडलेला जुना रोग आहे. हाडांच्या वाढीवरून वय ठरवण्याच्या चाचण्या त्यावर उपाय म्हणून केल्या जातात.

क्रीडाप्रकार आणि साहित्य : वरिष्ठ गटातील बहुतेक सर्व प्रकार येथे असतात. १०० मीटरपासून ५,००० मीटरपर्यंतच्या शर्यती, अडथळ्यांच्या शर्यती, ३,००० मीटर स्टीपलचेस, उड्या, फेकी, रिले शर्यती, पुरुषांची डेकॅथलॉन आणि महिलांची हेप्टॅथलॉन यांचा त्यांत समावेश होतो. वाढत्या शरीरावर ताण नको म्हणून मॅरेथॉन ठेवलेली नाही. चालण्याची शर्यत रस्त्याऐवजी मैदानावरील धावपट्टीवर होते आणि तिचे अंतर १०,००० मीटर, म्हणजे २५ फेऱ्या, असते. मुलगे आणि मुली मिळून धावण्याची ४ × ४०० मीटर मिश्र रिले २०२१ मध्ये सुरू झाली.

मुलग्यांसाठी काही साहित्य हलके असते. वरिष्ठ पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, तर या गटातला ६ किलोचा. हातोडाही ६ किलोचा आणि थाळी दोन किलोऐवजी १.७५ किलोची असते. ११० मीटर अडथळ्यांची उंची १०६.७ सेंटिमीटरऐवजी ९९.१ सेंटिमीटर ठेवतात. भाला मात्र वरिष्ठांइतकाच, ८०० ग्रॅमचा असतो. त्यामुळे भालाफेकीतील कनिष्ठ गटाचे अंतर वरिष्ठांच्या अंतराशी थेट ताडून पाहता येते. मुलींच्या फेकीचे सर्व साहित्य वरिष्ठ महिलांच्याच वजनाचे असते.

उल्लेखनीय कामगिरी : अथेन्सच्या पहिल्याच स्पर्धेत क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने उंच उडी जिंकली. पुढे २.४५ मीटरचा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर लागला. त्याच स्पर्धेत ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पहिला आला. सोलमध्ये १९९२ साली इथिओपियाच्या हेले गेब्रेसेलासीने ५,००० आणि तेव्हा होणारी १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. १०,००० मीटरच्या अखेरच्या टप्प्यात केनियाच्या जोसेफत माचुकाने त्याच्या डोक्यावर ठोसा मारला आणि माचुकाला बाद ठरवण्यात आले. त्याच वर्षी त्रिनिदादच्या ॲटो बोल्डनने १०० आणि २०० मीटरचे सुवर्ण एकाच वेळी मिळवले.

किंग्स्टनची २००२ ची स्पर्धा आठवली जाते ती युसेन बोल्टसाठी. घरच्या प्रेक्षकांसमोर २०० मीटरच्या अंतिम फेरीपूर्वी तो इतका गांगरला होता की बूट उलट्या पायांत घातले, असे त्याने पुढे सांगितले आहे. शर्यत मात्र त्याने २०.६१ सेकंदांत जिंकली. त्या दिवशी त्याचे सोळावे वर्ष पुरे व्हायचे होते. न्यूझीलंडची गोळाफेकपटू व्हॅलेरी ॲडम्स, क्रोएशियाची उंच उडीपटू ब्लँका व्लासिच आणि स्वीडनची हेप्टॅथलॉनपटू कॅरोलिना क्लुफ्ट यांनीही तेथे सुवर्णपदके मिळवली. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २००६ मध्ये ८०० मीटर, ग्रेनाडाच्या किरानी जेम्सने २०१० मध्ये ४०० मीटर आणि केनियाच्या फेथ किपयेगॉनने २०१२ मध्ये १,५०० मीटर शर्यत जिंकली. हे तिघेही पुढे ऑलिंपिक विजेते झाले. त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने तर बार्सिलोनात २०१२ च्या जुलैत कनिष्ठ गटाची भालाफेक जिंकली आणि काही आठवड्यांतच लंडन ऑलिंपिकचे सुवर्णही पटकावले. टाम्पेरे येथे २०१८ मध्ये स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने पोल व्हॉल्टमध्ये ५.८२ मीटरची उडी घेतली. बोट्स्वानाच्या लेत्सिले तेबोगोने काली येथे १०० मीटरचे अंतर ९.९१ सेकंदांत कापून वीस वर्षांखालील जागतिक विक्रम केला. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये तो २०० मीटरचा ऑलिंपिक विजेता ठरला.

भारताची कामगिरी : भारताची पहिली पदके थाळीफेकीत आली. सीमा अंतिल हिने २००० मध्ये सांतियागो येथे सुवर्ण जिंकले होते, परंतु चाचणीत स्यूडोएफेड्रिन हे उत्तेजक आढळल्याने ते परत घेण्यात आले. तिने २००२ मध्ये किंग्स्टन येथे कांस्यपदक मिळवून आपली योग्यता दाखवली. २०१४ मध्ये युजीन येथे नवजीत कौर ढिल्लनने याच प्रकारात कांस्य मिळवले.

भारतीय ॲथलेटिक्सला वळण देणारा दिवस २३ जुलै २०१६ हा होय. हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या खंडरा गावचा, १८ वर्षांचा नीरज चोप्रा याने बिदगोश्च येथे दुसऱ्याच प्रयत्नात भाला ८६.४८ मीटरवर फेकला. कनिष्ठ गटाचा आधीचा जागतिक विक्रम लॅटव्हियाच्या झिगिसमुंड्स सिरमाइसचा, ८४.६९ मीटरचा होता. दुसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा योहान ग्रोबलर ८०.५९ मीटरवर थांबला. कांस्यपदक मिळवणारा ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स पुढे दोनदा वरिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. रिओ ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी ८३ मीटर अंतर पुरेसे होते, पण पात्रतेची मुदत ११ जुलैलाच संपली होती. रिओत कांस्यपदक ८५.३८ मीटरला मिळाले आणि ते मिळवणारा होता केशॉर्न वॉलकॉट. नीरजचा ऑलिंपिक सुवर्णाचा दिवस पाच वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत उगवला. त्याच महिन्यात पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधील मैदानाला त्याचे नाव देण्यात आले.

आसाममधील नगाव जिल्ह्यातील धिंगजवळच्या कांधुलिमारी गावची हिमा दास हिने १२ जुलै २०१८ रोजी टाम्पेरे येथे ४०० मीटर शर्यत ५१.४६ सेकंदांत जिंकली. शेवटच्या वळणापर्यंत ती आघाडीवर नव्हती. सरळ पट्टीत तिने एकेकीला मागे टाकले. धावण्याच्या शर्यतीत जागतिक स्तरावरील सुवर्ण भारताला प्रथमच मिळाले. भाताच्या शेतकऱ्याच्या घरातील ही मुलगी त्याच वर्षी जकार्ता आशियाई खेळांत ५०.७९ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह रौप्यपदकाची मानकरी झाली.

नैरोबीत भारताला प्रथमच एकाच स्पर्धेत तीन पदके मिळाली. मिश्र रिले संघाने कांस्य, चालण्याच्या शर्यतीत अमित खत्रीने रौप्य आणि लांब उडीत शैली सिंगने रौप्य मिळवले. समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरहून उंच असलेल्या नैरोबीच्या विरळ हवेत अमित बराच काळ आघाडीवर होता. अखेरच्या फेऱ्यांत केनियाचा हेरिस्टन वान्योनी पुढे गेला. शैलीची उडी ६.५९ मीटरची, तर स्वीडनच्या माया ऑस्कागची ६.६० मीटरची होती. सुवर्ण आणि रौप्य यांत एका सेंटिमीटरचे अंतर राहिले. काली येथे २०२२ मध्ये मिश्र रिले संघाने ३ मिनिटे १७.७६ सेकंद वेळ देत रौप्य मिळवले. त्या संघातील रूपल चौधरीने ४०० मीटरमध्ये कांस्यही जिंकले आणि एकाच स्पर्धेत दोन पदके मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. सेल्व प्रभू तिरुमारनने १६.१५ मीटरच्या तिहेरी उडीसह रौप्य आणले. लिमा येथे चालण्याच्या शर्यतीत आरतीने कांस्य मिळवून पदकांची परंपरा राखली.

कनिष्ठ गटातून वरिष्ठ गटाकडे : या स्पर्धेतील निकाल भविष्याचे पक्के भाकीत करत नाहीत. पोल व्हॉल्टची सम्राज्ञी येलेना इसिनबायेवा १९९८ मध्ये नववी आली होती आणि दोन वर्षांनी तिने सुवर्ण जिंकले. अथेन्स ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकणारा चीनचा लिऊ शिआंग सांतियागोत चौथा होता. २०१८ मध्ये याकोब इंगेब्रिग्त्सेनला १,५०० मीटरमध्ये रौप्यावर समाधान मानावे लागले. तीन वर्षांनी तो त्याच अंतराचा ऑलिंपिक विजेता झाला. दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या २००८ च्या जुलैत बिदगोश्च येथे ८०० मीटरच्या अंतिम फेरीतही पोहोचली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेत तिने ८०० मीटरचे सुवर्ण घेतले आणि २००९ मध्ये बर्लिन येथे ती जगज्जेती झाली.

याच्या उलट, येथे पदक मिळवूनही वरिष्ठ गटात न चमकलेल्यांची यादी कितीतरी लांब आहे. लवकर वाढ झालेल्या मुलाची आघाडी विशीनंतर ओसरते. अवजड सराव कोवळ्या सांध्यांवर आणि पाठीवर लादला गेला तर दुखापती पाठ सोडत नाहीत. मुलगे वरिष्ठ गटात गेल्यावर गोळा आणि थाळी जड होते, अडथळा उंच होतो आणि नवे तंत्र बसवायला काही वर्षे जातात. नेमक्या याच काळात शिक्षण, नोकरी आणि घरची जबाबदारी समोर येते.

मूल्यमापन : वरिष्ठ जागतिक स्पर्धा खेळाडूचे शिखर मोजते, तर ही स्पर्धा त्याची चढण कोठवर आली ते दाखवते. ग्रेनाडा, बोट्स्वाना, त्रिनिदाद यांसारख्या छोट्या देशांनी या चढणीवर आपल्या खेळाडूंना सांभाळले आणि ऑलिंपिक विजेते घडवले. २०१६ नंतर भारताला जवळजवळ प्रत्येक वेळी एक ना एक पदक मिळाले आहे. म्हणजे गावोगावच्या मैदानांवर गुणवत्ता आहे, हे सिद्ध झाले आहे. उणीव आहे ती पुढच्या पाच-सहा वर्षांच्या धीराच्या जोपासनेची. कनिष्ठ पदकविजेत्याच्या मिरवणुकीइतकीच काळजी त्याच्या फिजिओची, आहाराची, खऱ्या वयाच्या नोंदीची आणि शिक्षणाची घेतली गेली, तरच या स्पर्धेतील पदकाचे सार्थक होईल. पालक, प्रशिक्षक आणि क्रीडा संघटना या तिघांनी हे कर्तव्य मानले पाहिजे.