घाट, बंदर आणि शेजारी

परराष्ट्रधोरण म्हटलें म्हणजे दरबार, वकील आणि तहनामे ह्यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु एखाद्या राज्याचें शेजाऱ्यांशीं खरोखर काय चाललें आहे हें पाहावयाचें असेल, तर कित्येकदां त्याच्या जकातीच्या नाक्यावर जाऊन बसणेंच बरें. कुकडी, मीना आणि घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला जुन्नर-आंबेगांवचा मुलूख हा सातवाहनांच्या काळीं असाच एक नाका होता. देशावरचा माल जुन्नरास येई, तेथून नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदरास जाई.

नाणेघाटच्या लेण्यांतील राणी नागनिकेचा लेख, त्यांतील यज्ञ आणि दक्षिणा, हीं वाचकांच्या परिचयाचीं आहेत. आम्हांस त्या यादीपेक्षां तेथील राजपुरुषांच्या पुतळ्यांची रांग अधिक बोलकी वाटते. पुतळे आतां नाहींसे झाले. वरचीं नांवें तेवढीं उरलीं. सिमुक सातवाहन, नागनिका व श्रीसातकर्णि, राजकुमार, आणि त्यांच्याच पंक्तीस एक महारठी! हा राणीचा पिता असावा असें बहुतेक विद्वान् मानितात. ज्यांच्या मुलखांतून वाट जाते त्या बलिष्ठ घराण्यांशीं सोयरीक जोडावयाची, हें ह्या राजांचें धोरण त्या रांगेंत स्पष्ट दिसतें.

पुढें मात्र घाट आपल्या हातीं आणि बंदर दुसऱ्याच्या, अशी वेळ आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथाचा कर्ता सांगतो कीं, कल्याण हें पूर्वीं रीतसर व्यापाराचें बंदर होतें; पण पुढें तें दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यांत जाऊन तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि चुकून आलेलें ग्रीक गलबत पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येऊं लागलें. भडोच क्षत्रपांचें. तेव्हां जकात कोणाच्या खजिन्यांत पडूं लागली आणि घाटमाथ्यावरचे बैल कां रिकामे उभे राहिले असतील, हें निराळें सांगावयास नको.

थोड्याच काळांत क्षत्रप स्वतःच घाटावर आले. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत महाक्षत्रप नहपानाच्या अयम नांवाच्या अमात्यानें पाण्याची पोढी व मंडप दिल्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. राजा शक, अमात्य वत्सगोत्री! त्याच जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद ह्या यवनांचींही दानें कोरलेलीं आहेत. परका येथें केवळ शत्रू म्हणूनच येत असे, ही आमची शाळेंतील समजूत ह्या लेखांपुढें टिकत नाहीं.

गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केला, ही कथा आम्ही अभिमानानें सांगतों, आणि ती खरीही आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला होता. शत्रूचीं नाणीं वितळवून टाकण्याऐवजीं तींच पुन्हा बाजारांत आणणारा हा राजा नुसता शूर नव्हे, मोठा व्यवहारीही असला पाहिजे.

आमचे कांहीं इतिहासलेखक येथेंच पोथी मिटतात, हें बरें नव्हे. क्षहरात गेले, पण क्षत्रपांचें कार्दमक हें दुसरें घराणें पुढें आलें. त्या घराण्यांतील रुद्रदामा इ. स. १५० च्या गिरनारच्या लेखांत सांगतो कीं, दक्षिणापथपति सातकर्णीस आपण दोनदां जिंकलें, परंतु संबंध दूरचा नसल्यामुळें त्याचा नाश केला नाहीं. हा संबंध कोणता? कान्हेरीच्या एका त्रुटित लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळांतील, एका महाक्षत्रपाची कन्या, म्हणून उल्लेखिली आहे. पित्याच्या नांवाचें पहिलेंच अक्षर उरलें आहे; तें ‘रु’. नाणेघाटच्या वेळीं महारठ्याशीं जें केलें, तेंच येथें वैऱ्याशीं केलेलें दिसतें. त्या सोयरिकीनें युद्ध टळलें नाहीं, पण पराभवानंतर राज्य उरलें. कान्हेरीचा तो लेखही दानाचाच आहे: शतेरक नांवाच्या अमात्यानें तेथें पाण्याचें टांकें खोदविलें.