बापूंचा टप्पा

१२ जानेवारी १९६४, रविवार. नाशिकहून निघालेले तुम्ही मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियममध्ये बसला आहात. कसोटीचा तिसरा दिवस. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडलाय. कुंदरन १९२, विजय मांजरेकर १०८. आता इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन खेळपट्टीवर ठाण मांडून आहेत. कर्णधार पतौडी चेंडू बापू नाडकर्णींकडे देतात. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, जन्म ४ एप्रिल १९३३, नाशिक. आपल्या गावचा माणूस! तुम्ही सावरून बसता.

डावखुरी फिरकी. बोलस पाय पुढे टाकून चेंडू थोपवतो. पुढचा चेंडू त्याच जागी, पुन्हा थोपवलेला. षटक निर्धाव. दुसरंही. तिसरंही. शेजारचे गृहस्थ बोटांवर मोजायला लागतात आणि थोड्या वेळाने बोटं संपतात. तुमची नजर आता फलंदाजावर नाहीच. चेंडू पडतो त्या वीतभर जागेवर खिळली आहे. नेटमध्ये हा माणूस खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडत आला, ते ऐकलेलं आज डोळ्यांनी दिसतंय.

सलग २१ षटकं निर्धाव. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डाव संपेल तेव्हा वहीत आकडे असतील ३२-२७-५-०.

याला रटाळ म्हणणारे तुम्हाला पुढे पुष्कळ भेटतील. बळी कुठे आहे, असं विचारतील. त्यांना सांगा, बॅरिंग्टनसारख्या फलंदाजाला एक चेंडू जरा आखूड मिळाला असता तर चौकार ठरलेला होता. बापूंनी तो दिला नाही. उन्हात, दमलेल्या खांद्याने, त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकायला जिद्द लागते. फलंदाज नुसता बचाव करत होता हे खरं, पण धाव घेण्याजोगा चेंडूही त्याला मिळाला नव्हता.

आणि बापू म्हणजे एवढीच एक दुपार, असं समजून उठू नका. याच मालिकेसाठी फेब्रुवारीत कानपूरला जा. फॉलोऑन मिळालेल्या भारतासाठी हेच बापू नाबाद ५२ आणि मग नाबाद १२२ करतात. ऑक्टोबरात पुन्हा मद्रासला या, समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या डावात ३१ धावांत ५ बळी, दुसऱ्यात ९१ धावांत ६. सामना भारत हरतो, पण ते ११ बळी बघायला तुम्ही तिथे हवेच.